सीलबंद रेडिएटर, मोजलेलं पेट्रोल : सुरुवातीच्या मोटारींची रस्त्यावरची परीक्षा

१९११ साली इंग्लंडमध्ये नेपियर कंपनीने आपली सहा सिलिंडरची गाडी लंडन ते एडिनबरा या वाटेवर फक्त टॉप गिअरमध्ये चालवली. पेट्रोलचा हिशेब आला गॅलनला १९.३५ मैल. मग तीच गाडी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर उतरवली आणि तिथे तिने ताशी ७६.४२ मैलांचा वेग दाखवला. रोल्स-रॉइसने त्याच वर्षी उत्तर दिलं. १७०१ क्रमांकाची चासी (गाडीचा सांगाडा), चालवायला अर्नेस्ट हाइव्ह्ज, वाट तीच, अटही तीच. तिचे आकडे आले गॅलनला २४.३२ मैल आणि ब्रुकलंड्सवर ताशी ७८.२६ मैल. इंग्लिश गॅलन म्हणजे ४.५५ लिटर. म्हणजे आजच्या भाषेत नेपियरचं ॲव्हरेज लिटरला ६.८५ किलोमीटर आणि रोल्स-रॉइसचं ८.६.

सात लिटरच्या इंजिनाला साडेआठचं ॲव्हरेज हे त्या काळी मोठंच होतं. पण या परीक्षेतली खरी मेख म्हणजे पेट्रोलचा आणि वेगाचा असे दोन्ही आकडे एकाच गाडीने, एकाच परीक्षेत द्यायचे. नुसतं ॲव्हरेज काढून दाखवायचं तर कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तिथे, बारीक जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बसवलं की झालं. पण मग वेग मिळत नाही आणि इंजिन तापतं. नुसता वेग दाखवायचा तर मिश्रण दाट करावं, पेट्रोल वाहू द्यावं. इंजिन थंड राहतं, पण तेच पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइल पातळ करतं. पेट्रोल, पाणी आणि ऑइल ही तीन खाती एकमेकांना जोडलेली आहेत. एकातली उधळपट्टी दुसऱ्यात सहज लपवता येते. म्हणून जुन्या मोटारीची परीक्षा खरी कधी, तर तिन्ही खाती एकाच वेळी सील करून एकाच फेरीत तपासली तर. ते कसं करत, त्यात काय बिघडतं आणि का, ते आता बघू.

पेट्रोल मोजणं दिसतं तितकं सोपं नाही

सर्वांत साधी रीत म्हणजे टाकी काठोकाठ भरायची, गाडी फिरवून आणायची आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लागलं ते मोजायचं. जुन्या गाड्यांच्या टाक्या मात्र रुंद आणि चपट्या असत. ८० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद टाकी धरा. तिच्यात पातळी फक्त ५ मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर फरक पडतो १.६ लिटरचा. शंभर किलोमीटरला बारा लिटर पिणाऱ्या गाडीच्या हिशेबात ही १३ टक्क्यांची चूक झाली. गाडी एका बाजूला किंचित कललेली असली, तरी एवढा फरक सहज पडतो.

म्हणून जाणकार मंडळी दोनपैकी एक मार्ग धरत. पहिला मार्ग वजनाचा. इंग्लंडात तेव्हा पेट्रोल दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांत विकलं जाई. डबा भरलेला असताना तोलायचा, ओतून झाल्यावर पुन्हा तोलायचा. दुसरा मार्ग वेगळ्या मोजटाकीचा. चार-पाच लिटरचं, अरुंद मानेचं भांडं कार्ब्युरेटरपेक्षा फूटभर उंच टांगायचं आणि तीन तोंडांची चावी बसवून मुख्य टाकी आणि मोजटाकी यांत हवा तसा बदल करायचा. मान चार सेंटिमीटर व्यासाची असेल तर तीच ५ मिलिमीटरची चूक फक्त ६ मिलिलिटरची ठरते. एखाद्या चढाला किती पेट्रोल लागलं एवढंच पाहायचं असेल, तर मोजटाकीला पर्याय नाही.

वजनाचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, अंशाला साधारण हजारात एक भाग. सकाळी १८ अंशांना भरलेलं २० लिटर पेट्रोल दुपारी ३८ अंशांना जवळजवळ २०.४ लिटर होतं. पहाटे भरून दुपारी मोजलं तर गाडी उगाच काटकसरी दिसते. वजन मात्र बदलत नाही.

प्रत्येक डब्यातलं पेट्रोलही सारखं नसे. त्या काळचं चांगलं पेट्रोल हलकं असे, घनता ०.६८ ते ०.७२ च्या आसपास. पुढे मागणी वाढली तसं जड पेट्रोल बाजारात आलं. जड पेट्रोलच्या लिटरमध्ये ऊर्जा थोडी जास्त असते, पण थंडीत ते नीट वाफाळत नाही. शिवाय कार्ब्युरेटरचा फ्लोट, म्हणजे पातळी राखणारा तरंगता तुकडा, जड पेट्रोलमध्ये जास्त वर तरंगतो, पेट्रोल अडवणारी सुई लवकर बंद करतो आणि जेटमधली पातळी खाली जाते. गाडी तीच, जेट तेच, पण मिश्रण पातळ झालं. म्हणून परीक्षेच्या नोंदवहीत पेट्रोलची घनता आणि तापमान लिहिल्याशिवाय ॲव्हरेजच्या आकड्याला अर्थ नाही. हायड्रोमीटर म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, तिला खर्च फारसा येत नाही.

अंतराची बाजूही तपासावी लागते. चाकावरून अंतर मोजणारं यंत्र चाकाचे फेरे मोजतं. टायर झिजला की घेर कमी होतो, तेवढ्याच वाटेत फेरे जास्त होतात आणि अंतर फुगतं. मैलाचे दगड आणि नकाशा यांच्याशी ताळा घ्यायचा तो यासाठी. उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेली तर ॲव्हरेज चमत्कार वाटावा इतकं वाढतं. म्हणून गाडीत निरीक्षक बसवायचा आणि इंजिन चालूच ठेवायचं.

लहान आणि मोठ्या गाडीची तुलना करायला टन-मैलांचा हिशेब होता. गाडी आणि माणसं मिळून वजन किती टन, त्याला गॅलनमागे मिळालेल्या मैलांनी गुणायचं. एक टनाची छोटी गाडी गॅलनला २५ मैल गेली तर २५ टन-मैल. दोन टनांची मोठी गाडी १८ मैल गेली तर ३६. नुसतं ॲव्हरेज बघणाऱ्याला छोटी गाडी बरी वाटेल. पण पेट्रोलमधून जास्त काम मोठीनेच काढून घेतलं.

आता पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोचण्याचा प्रश्न. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारानं खाली येई. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ कडक, की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन उपाशी. लोक अशा चढावर गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवत. मोठ्या गाड्यांत टाकी मागे असे. तिच्यात हातपंपाने किंवा इंजिनाच्या जोरावर थोडी हवा दाबून पेट्रोल पुढे ढकलत. तिथे झाकणाची वादी जरा ढिली पडली की दाब उतरतो. उताराच्या टाकीचं उलटं. तिच्या झाकणाला बारीक भोक हवंच. ते धुळीने बुजलं की आत निर्वात तयार होतो आणि काही मैलांनी गाडी गुदमरते. झाकण उघडलं की सू आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. हा आवाज ऐकू आला तर कार्ब्युरेटर खोलायला जाऊ नका.

१९०७ मध्ये रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीची १५,००० मैलांची परीक्षा झाली. त्यात ६२९व्या मैलाला गाडी बंद पडली, कारण हादऱ्यांनी पेट्रोलची चावी आपोआप बंद झाली होती. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती मनाविरुद्ध एकदाही थांबली नाही.

पाणी : घाट काय विचारतो

तिन्हींत कठीण परीक्षा पाण्याची. सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या पास होतात. घाटात वेग कमी, जोर जास्त आणि वारा कमी अशी तिन्ही संकटं एकदम येतात.

खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा बोरघाट घेऊ. चढ साधारण ५०० मीटर उंचीचा. माणसांसकट दोन टनांची गाडी एवढी वर उचलायला सुमारे ९.८ मेगाज्यूल काम लागतं. त्या काळच्या इंजिनाला पेट्रोलमधल्या उष्णतेचा पाचवा हिस्साही कामात आणता येत नसे. १८ टक्के धरू. म्हणजे निव्वळ उंची गाठायला सुमारे ५४ मेगाज्यूलचं, म्हणजे १.७ लिटर पेट्रोल जळलं. त्यातली साधारण ३० टक्के उष्णता सिलिंडरभोवतीच्या पाण्यात जाते, म्हणजे १६ मेगाज्यूल. बाकीची बहुतेक सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते.

या १६ मेगाज्यूलचं होतं काय? गाडीत २० लिटर पाणी आहे आणि ते ६० अंशांवरून ९८ अंशांवर गेलं, तर ते ३.२ मेगाज्यूल पोटात घेतं. फक्त पाचवा हिस्सा. उरलेलं रेडिएटरने हवेत टाकायचं. रेडिएटरने १२ मेगाज्यूल टाकले तर शिल्लक ०.८, आणि त्याची वाफ होते जेमतेम पाव ते अर्धा लिटर. पण पंख्याचा पट्टा घसरतोय म्हणून त्याने ८ च टाकले, तर शिल्लक ४.८ मेगाज्यूल, आणि दोन लिटरांहून जास्त पाणी वाफ होऊन उडून जातं. पट्टा ताणलेला आहे की ढिला, एवढ्याशा गोष्टीने खंडाळ्याला पोचेपर्यंत जवळजवळ पावणेदोन लिटर पाण्याचा फरक पडतो. पाणी उकळायला लागलं म्हणजे लगेच इंजिन गेलं असं नाही. वाफ होताना एक लिटर पाणी २.२६ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. तेच एक लिटर ८० वरून १०० अंशांवर तापताना फक्त ०.०८ मेगाज्यूल घेतं. उकळणारं पाणी इंजिन वाचवत असतं, जोपर्यंत ते पुरेसं शिल्लक आहे तोपर्यंत.

किती शिल्लक हवं, ते गाडीच्या रचनेवर ठरतं. पंप नसलेल्या गाड्यांत गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं आणि असं चक्र आपोआप चालतं. याला थर्मोसायफन म्हणतात. मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता, पुढे तो काढून थर्मोसायफनच ठेवला. ही रीत साधी, बिघडायला काही नाही. पण रेडिएटरमधली पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की चक्र तुटतं. रेडिएटरमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी असतं, तरी त्याचा उपयोग नाही, कारण ते फिरतच नाही. इंजिनातलं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं आणि सिलिंडर कोरडा पडतो. अशा वेळी गार पाणी ओतलं तर तापलेल्या बिडाला तडा जातो. इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, मगच ओतायचं.

उंचीचाही परिणाम आहे. तीनशे मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. खंडाळ्याला ९८ अंश, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. दाब धरून ठेवणारी रेडिएटरची झाकणं तेव्हा नव्हती, त्यामुळे हा तोटा सरळ अंगावर येई. त्यात वारा मागून असेल तर ताशी १५ किलोमीटरने चढणाऱ्या गाडीला तेवढाच वारा पाठीमागून, म्हणजे रेडिएटरला वारा शून्य. सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून नोंदवहीत वाऱ्याची दिशा लिहिणं हेही तापमान लिहिण्याइतकंच गरजेचं.

आता मोजण्याची रीत. थंड गाडीत काठोकाठ पाणी भरून झाकणाला तार आणि शिशाचं सील मारलं, तर पहिल्याच मैलांत पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सांडतं. पाणी १५ अंशांवरून शंभरावर जाताना चार टक्के फुगतं, म्हणजे २० लिटरला पाऊण लिटरच्या वर. अननुभवी माणूस लिहितो, "गाडीने पाणी टाकलं." गाडीने काहीच टाकलेलं नसतं, भरणाऱ्याने जागा ठेवली नव्हती. योग्य रीत अशी : थंड असताना खूण करून एक-दोन बोटं कमी भरायचं, सील मारायचं, ओव्हरफ्लोच्या नळीखाली बाटली बांधायची आणि परत आल्यावर गाडी सुरुवातीच्या तापमानाला आली की खुणेपर्यंत भरायला किती लागतं ते मोजायचं. बाटलीतलं पाणी म्हणजे सांडलेलं, बाकीचं वाफ झालेलं किंवा गळालेलं. गळती असेल तर पंपाच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँडशी ओल दिसते. ग्लँडमध्ये ग्रीस लावलेला सुताचा पीळ असतो. नट थोडा आवळला की थेंब थांबतात, जास्त आवळला तर शाफ्टला खाच पडते.

रेडिएटरच्या टोपणावर बसणारा थर्मामीटर पुढे चालू झाला, अमेरिकेतला बॉइस मोटोमीटर त्यातला प्रसिद्ध. तो पाण्याचं नव्हे, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवतो. म्हणून पाणी खूप खाली गेल्यावर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

रेडिएटरचीच मोठी सुधारणा १९०१ च्या मर्सिडीजमध्ये झाली. विल्हेल्म मायबाखने सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, आणि ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीला नऊ लिटर पाणी पुरू लागलं. नळ्या बारीक असल्यामुळे हवेला लागणारं क्षेत्र प्रचंड वाढलं. पण बारीक वाटा लवकर बुजतात. दख्खनच्या विहिरींचं पाणी जड, क्षारांचं. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. पत्र्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर पांढरा थर बसला की उष्णता अडते, मग पंखा कितीही फिरो. साठवलेलं पावसाचं पाणी वापरण्याचा जुना सल्ला आजही तितकाच खरा आहे.

चढाने गाडीची लाज काढल्याचं ठळक उदाहरण १९१२ चं. ऑस्ट्रियातल्या आल्प्सच्या परीक्षेत जेम्स रॅडलीची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्ग खिंडीत अडली. तिला तीनच गिअर होते आणि पहिलाही त्या चढाला फार मोठा पडत होता. दुसऱ्या वर्षी कंपनी चार गिअर आणि मोठा रेडिएटर घेऊन परत गेली आणि त्या वेळी गाड्या नीट चढल्या. गिअर आणि रेडिएटर दोन्ही एकदम बदलले, यात त्यांना नेमकं काय कळलं होतं ते दिसतं. खालचा गिअर दिला की इंजिन जास्त फेरे घेतं, पंखा आणि पंप जोरात फिरतात, पण पेट्रोलही जास्त जळतं आणि उष्णता वाढते.

आपल्या सह्याद्रीनेही ही परीक्षा घेतलेली आहे. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मार्गावर घाटरस्त्यांसह ६२० मैलांची मोटार परीक्षा झाली. तिच्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट यशस्वी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. बोरघाट, कात्रज, खंबाटकी हे चढ एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेल्या कुणालाही त्या ६२० मैलांची कल्पना येईल.

ऑइल : जे दिसत नाही ते

सुरुवातीच्या गाड्यांत वंगण थेंबाथेंबाने दिलं जाई. डॅशबोर्डवर पितळी पेटी, तिच्यात काचेच्या छोट्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीतून एकेका बेअरिंगकडे जाणारा थेंब दिसतो. ड्रायव्हर मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजून स्क्रू फिरवत असे. पहाटेच्या गारठ्यात ऑइल घट्ट असतं, तेव्हा लावलेला हिशेब दुपारी चुकतो. ऑइल पातळ झालेलं असतं, थेंब दुपटीने पडतात, मागून निळा धूर निघतो आणि स्पार्क प्लग काळे होतात. उलट दुपारी लावून संध्याकाळी गार हवेत निघालं तर बेअरिंग उपाशी राहतं. दिवसातून तीन-चारदा थेंब मोजणं हा तेव्हा ड्रायव्हरच्या कामाचाच भाग होता. आणि हे ऑइल परत येत नसे, एकदा गेलं ते गेलं.

पुढची रीत शिंतोड्यांची. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो. तो प्रत्येक फेऱ्याला इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये बुडून सगळीकडे ऑइल उडवतो. पातळी अगदी बरोबर हवी. कमी असेल तर चमचा पोचत नाही, जास्त असेल तर धूर. मॉडेल टीच्या चेंबरला वर-खाली दोन छोट्या तोट्या असत. खालचीतून ऑइल आलं आणि वरचीतून आलं नाही, की पातळी योग्य. पण ही तपासणी सपाटीवरची. लांबच्या चढावर ऑइल मागे वाहतं आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत पुढच्या, सिलिंडरकडे कमी पोचतं. म्हणून चढावर सर्वांत आधी ठोके देतं ते पहिल्या सिलिंडरचं बेअरिंग. बऱ्याच कारखान्यांनी चेंबरमध्ये आडवे पडदे घालून प्रत्येक सिलिंडरखाली वेगळं तळं केलं ते यासाठीच.

सिल्व्हर घोस्टसारख्या गाड्यांत पंपाने दाब देऊन, आतून भोकं पाडलेल्या क्रँकशाफ्टमधून ऑइल बेअरिंगपर्यंत नेलं. तिथे चढ-उताराचा त्रास कमी. पण जाळी चोंदली किंवा नळीचा जोड सुटला तर एकदम सगळीकडचा पुरवठा जातो. दाबाच्या काट्यावर नजर ठेवायला लागते.

घाट उतरताना वेगळीच गंमत दिसते. थ्रॉटल बंद, गाडी इंजिनाला ओढते, सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि पिस्टनच्या रिंगांवरून ऑइल वर खेचलं जातं. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबला की पांढरट-निळा ढग निघतो. तो लगेच विरला तर काळजी नाही. दोन-तीन मैल टिकला तर रिंगा झिजल्या आहेत.

ऑइल किती लागलं हे मोजायला गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन गरम असतानाच, ठरावीक मिनिटं चेंबर रिकामं करायचं आणि वजन करायचं. आधी आणि नंतर दोन्ही वेळा मिनिटं तेवढीच. पण यात एक फसवणूक लपलेली असते. गाडी शंभर मैल गेली आणि ऑइल जराही कमी झालं नाही, असा आकडा आला की आधी शंका घ्यायची. दाट मिश्रणावर चालवलं, चोक ओढून ठेवला, तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. अर्धा लिटर ऑइल जळालं आणि अर्धा लिटर पेट्रोल आत आलं, तर पातळी जशीच्या तशी. पण आता चेंबरमध्ये वंगण नाही, पातळ मिश्रण आहे. ओळखायला आधी वास घ्या. मग नवं आणि वापरलेलं ऑइल एकाच तापमानाला आणून एकाच नरसाळ्यातून ठरावीक माप गळायला किती सेकंद लागतात ते पाहा. वापरलेलं फार लवकर गळलं तर पेट्रोल मिसळलंय. वाटीभर ऑइल उकळत्या पाण्यावर ठेवून वजनात किती घट येते तेही बघता येतं. मात्र उघड्या ज्योतीपासून लांब, मोकळ्या हवेत.

त्या काळात एरंडेल तेलाला मोटारीत मान होता. १९०९ मध्ये चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून जे ऑइल आणलं त्याचं नाव कॅस्ट्रॉल, एरंडीच्या इंग्रजी नावावरून. एरंडेल तापलं तरी पत्र्याला चिकटून राहतं, म्हणून शर्यतीत उत्तम. पण दिवस गेले की ते डिंकासारखं होतं आणि रिंगा खाचांमध्ये चिकटवून टाकतं. शर्यत संपली की इंजिन उघडून पुसायचं असेल तरच वापरावं.

वंगणाची सगळ्यांत कडक परीक्षा १९०९ ची, डेमलर कंपनीच्या नाइट पद्धतीच्या इंजिनाची. व्हॉल्व्हऐवजी सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या नळकांड्या होत्या, त्यांच्या मोठ्या घासणाऱ्या पृष्ठभागांना ऑइल पुरेल का, असा लोकांना संशय होता. म्हणून रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली इंजिन आधी बेंचवर सलग १३२ तास चालवलं. मग गाडीत बसवून ब्रुकलंड्सवर सुमारे १,९३० मैल पळवलं आणि पुन्हा बेंचवर पाच तास. शेवटी ताकद कमी झाली नव्हती, उलट थोडी वाढली होती. नळकांड्यांवर झीज दिसली नाही. त्या वर्षीची क्लबची ड्यूअर ट्रॉफी त्यांना मिळाली. ही इंजिनं निळा धूर मात्र सोडत, म्हणजे ऑइल पुरत होतं, पण भरपूर लागतही होतं.

तिन्ही एकत्र कशी बिघडतात

स्टिअरिंगवरची छोटी दांडी मागेपुढे करून ठिणगीची वेळ बदलता येई. ठिणगी उशिरा पाडली तर पेट्रोल पिस्टन खाली उतरत असताना जळत राहतं, कामात कमी येतं, धुराची नळी लालबुंद होते आणि पाणी तापतं. गाडी गरम होतेय म्हणून रेडिएटर साफ करत बसणाऱ्याने आधी ही दांडी बघावी. ती फार पुढे केली तर चढावर ठोके येतात. मिश्रण पातळ असेल तर ते हळू जळतं, परिणाम उशिराच्या ठिणगीसारखाच, आणि कार्ब्युरेटरमधून शिंक येते. चढावर पाणी उकळतंय आणि ॲव्हरेज मात्र छान आहे, अशी जोडी दिसली की जेट बारीक आहे असं समजावं. पाणी थंड, ऑइलची पातळी स्थिर आणि ॲव्हरेज वाईट, अशी जोडी दिसली की मिश्रण दाट आहे.

जुनी गाडी आज बाहेर काढणाऱ्यांना यात एक नवी भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा आहे, त्यामुळे तेच जेट ठेवलं तर मिश्रण पातळ होतं आणि गाडी तापते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरचे फ्लोट बुचाचे, लाखेचा हात दिलेले असत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो, सुई बंद होत नाही आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. आधी फ्लोट बदला, मग जेट थोडं मोठं करा, आणि नंतरच ॲव्हरेज मोजायला घ्या.

फेरी आणि नंतरची उघडणी

मोठ्या परीक्षांची पद्धत १९०० च्या हजार मैलांच्या फेरीने बसवली. २३ एप्रिलला लंडनहून ६५ गाड्या निघाल्या, ब्रिस्टल, मँचेस्टर, एडिनबरा करून १२ मे रोजी परतल्या. ऑटोमोबाइल क्लबचा (पुढचा रॉयल ऑटोमोबाइल क्लब) सचिव क्लॉड जॉन्सन याने ती आखली होती. पुढे तोच रोल्स-रॉइसमध्ये गेला आणि १९०७ ची १५,००० मैलांची फेरीही त्यानेच घडवली. रविवार सोडून रात्रंदिवस, लंडन ते ग्लासगो पुन्हा पुन्हा. टायरसाठीचे थांबे वेगळे लिहिले जात, कारण टायरचा दोष इंजिनाच्या खात्यात घालणं अन्याय झाला असता.

पण निकाल फेरी संपल्यावर लागला नाही. क्लबच्या लोकांनी गाडी पूर्ण खोलायला लावली. बेअरिंग, रिंगा, गिअरचे दात, स्टिअरिंगचे सांधे एकेक मोजून पाहिले आणि नव्यासारखी करायला काय काय बदलावं लागेल त्याची यादी केली. त्या बदलायच्या भागांची किंमत भरली दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.